लॅपटॉप टीव्हीला जोडलाय, चित्र दिसतंय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय?

केबल खराब आहे असं समजून लगेच नवीन आणायला पळू नका, बहुतेक वेळा नुसतं सेटिंग असतं.

१. एचडीएमआय केबल लावा आणि टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून तोच पोर्ट निवडा, पोर्टच्या बाजूला बारीक अक्षरात १, २ असा नंबर लिहिलेला असतो.

२. कीबोर्डवर विंडोज आणि पी एकत्र दाबा, त्यातलं 'सेकंड स्क्रीन ओन्ली' घ्या. डुप्लिकेट ठेवलं तर बऱ्याचदा लॅपटॉपचं कमी रिझोल्यूशनच (१३६६ बाय ७६८ वगैरे) टीव्हीवर जातं आणि मोठ्या पडद्यावर सबटायटल्स पण धुरकट दिसतात, एवढा चांगला टीव्ही असून काय उपयोग मग.

३. आता आवाज. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून यादीतून टीव्हीचं नाव निवडा. पिक्चर आधीच चालू असेल तर प्लेयर एकदा बंद करून परत उघडा, काही प्लेयर जुनाच स्पीकर धरून बसतात.

४. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर लॅपटॉपमध्ये काही शोधू नका, टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर अडॅप्टर घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन नक्की बघा, प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतोच असं नाही, काही नुसते चार्जिंग आणि डेटासाठी असतात.