पावसाळ्यात न्यूट्रलायझेशनचं प्रॅक्टिकल लावताय? आधी कॉस्टिकची बाटली बघा

जुलैत आमच्याकडे किनाऱ्यावर हे ॲसिडात कॉस्टिक मिसळून निघणारी उष्णता मोजायचं प्रॅक्टिकल लावलं की दरवर्षी तीच रड, सर पारा पाचच डिग्री चढला, पुस्तकात तर साडेसहाच्या वर म्हणतायत. पोरांची चूक नसते हो, कॉस्टिक सोड्याची बाटली कोणीतरी उघडी टाकलेली असते आणि आपल्या दमट हवेत त्या गोळ्या बघता बघता घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात, मग तुम्ही ४० ग्रॅम म्हणून जे तोलता त्यात बरंचसं पाणीच, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून थोडा कार्बोनेट झालेला तो वेगळाच.

म्हणून मी काय करतो, एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, नीट १ मोलर (लिटरला एक मोल; कॉस्टिकचा एक मोल ४० ग्रॅमचा) ठेवतो आणि कॉस्टिक मुद्दाम जास्त, लिटरला ४४-४५ ग्रॅम. ॲसिड सगळं संपतं, मग हिशोब फक्त ॲसिडवर चालतो. शेवटी फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणारं इंडिकेटर) थेंब टाकायचा, गुलाबी झालं तर अल्कली पुरून उरला, नाही झालं तर गोळ्या फेकायच्या लायकीच्या. कॉस्टिक विरघळताना स्वतःच सणसणीत तापतो, त्यामुळे सोल्युशन आदल्या दिवशीच करून ठेवा. गॉगल घालाच, डोळ्यात उडालं तर खेळ नाही.

उष्णता धरून ठेवायला लागणारे थर्माकोलचे कप २०१८ च्या बंदीनंतर बाजारात मिळत नाहीत, पण मासळीच्या फुटक्या थर्माकोल खोक्याचा जाड तुकडा जेटीवर कोणीही देईल, त्यात भोक पाडून प्लास्टिकचा ग्लास घट्ट बसवायचा. आधी धुवा मात्र, नाहीतर लॅबभर बांगड्याचा वास.

आता ग्लासात ५० मिली ॲसिड, पंखा बंद, दर अर्ध्या मिनिटाला टेंपरेचर लिहायचं, कॉस्टिकचंही बघून घ्या, दोन्ही सारखं हवं. चौथ्या मिनिटाला रीडिंग न घेता ५० मिली कॉस्टिक एकदम ओता, थेंब थेंब नको, ढवळत राहा आणि दहाव्या मिनिटापर्यंत लिहीत राहा. ग्राफ काढून उतरती रेघ मागे चौथ्या मिनिटापर्यंत ओढायची, कारण ढवळेपर्यंत थोडी उष्णता निसटलेली असते ती अशीच पकडता येते.

समजा २९.४ वरून ३६.० म्हणजे फरक ६.६. मग १०० ग्रॅम गुणिले ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक डिग्री तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले ६.६, झाले साधारण २७५९ ज्यूल. इथे अर्धा वर्ग ५० घेतो, अरे तापलं ते सगळं १०० ग्रॅम ना! ॲसिड ०.०५ मोल, भागलं की ५५ किलोज्यूल प्रति मोल, उष्णता बाहेर पडली म्हणून पुढे मायनस. खरा आकडा ५७ च्या आसपास, तेव्हा खोक्याच्या तुकड्यात एवढं आलं तर मी पूर्ण मार्क देतो.

आणि कोणी हुशार म्हणालाच की सर दोन्ही दुप्पट घेऊ, पारा दुप्पट चढेल, तर करू द्या त्याला १०० अधिक १०० मिली. पारा तेवढाच चढतो, उष्णता दुप्पट पण तापवायचं पाणीही दुप्पट.