इक्वाडोरचे डोंगरी बाजार आणि ज्वालामुखी: खानदेशातून गट नेताना

इक्वाडोरच्या अँडीजची सहल आखताना आधी दोन गोष्टी कागदावर मांडा: बाजाराचे वार आणि रात्रीच्या मुक्कामाची उंची. हॉटेल, गाडी, गाईड हे सगळं त्यानंतर. तिकीट आधी काढून मग बाजार शोधत बसलं, तर शनिवार विमानतळावर जातो आणि अर्धा गट पहिल्या दोन दिवसांतच डोकं धरून बसतो.

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर आहे आणि राजधानी किटो 2,850 मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या पाऊणपटीहून कमी भरतो. सरावासाठी तोरणमाळचा घाट चढा, जमलं तर अस्तंभ्याची वाट करा. पण त्याने पाय तयार होतात, श्वास नाही. श्वासाची सवय फक्त उंचीवर राहूनच होते, म्हणून मुक्काम हळूहळू वर न्यायचे. 3,000 मीटरच्या वर मुक्काम करायचाच झाला, तर एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त उडी नको. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला यावं, हे सगळ्यात चांगलं.

निघण्यापूर्वी दोन वैद्यकीय कामं हमखास उरकायची. पहिलं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडची किंवा सातपुड्याच्या पाड्यांवरची माणसं गटात असतील, तर प्रत्येकाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. वाहकाला, म्हणजे ज्याच्यात हा दोष एकाच पालकाकडून आला आहे त्याला, गावात एरवी काहीच त्रास नसतो, पण विरळ हवेत त्याच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याने ही सहल करूच नये. वाहकाने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वरच्या टप्प्यांचं नाव घेऊ नये. दुसरं काम पीतज्वराच्या लसीचं. इक्वाडोरहून भारतात परतताना तिचं पिवळं कार्ड मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. म्हणून महिनाभर आधीच नंबर लावा. अ‍ॅसिटाझोलामाइडची, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्यासाठीची, गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता वार. ओतावालोचा मोठा बाजार शनिवारी, साकिसिलीचा गुरुवारी. या दोन खुंट्यांना सहल बांधायची. गुरुवारी रात्री उतरून विमानतळाजवळच ताबाबेलात झोपा. ते किटोपेक्षा सुमारे 400 मीटर खाली आहे. शुक्रवारी ओतावालो गाठा, तेही 2,500 मीटरच्या आसपास. शनिवारी बाजार, रविवारी कुइकोचा हे विवरातलं तळं पाहून किटोत मुक्काम. सोमवारी किटोचं जुनं शहर. युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशात घेतलेल्या पहिल्या जागांपैकी ते एक. मंगळवारी लाताकुंगा. बुधवारी किलोतोआ करून रात्री पुन्हा लाताकुंगा, गुरुवारी साकिसिली, शुक्रवारी कोतोपाक्सी ज्वालामुखी. त्याच संध्याकाळी 1,800 मीटरवरच्या बान्योसला उतरा आणि शनिवार पूर्ण आराम द्या. रविवारी रिओबांबा, सोमवारी चिंबोरासो ज्वालामुखी. साकिसिलीच्या आधी लाताकुंगात दोन रात्री मिळतात, त्यांचा फायदा शुक्रवारच्या चढावर दिसतो.

ओतावालोत गुरांचा बाजार पहाटे सहाला भरतो आणि दहाच्या आत उठतो. सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिलेल्याला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर पोंचो चौकातला कापडबाजार. इथे फसगत होते ती 'अल्पाका' (लामासारख्या प्राण्याची लोकर) म्हणून ॲक्रिलिक विकलं जाण्यात. दुकानदाराला विचारून कडेचा एक सुटा धागा घ्या आणि काडीने पेटवा. लोकरीचा धागा केस जळाल्यासारखा वास देतो, विझतो आणि बोटांत चुरगळून राख होतो. ॲक्रिलिक वितळून काळा टणक मणी होतो. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हा फरक एका धाग्यात कळतो. चलन अमेरिकन डॉलर आहे, 2000 सालापासून. एक, पाच, दहाच्या नोटा भरपूर ठेवा. पन्नास-शंभरची नोट बाजारात कुणी घेत नाही. भाव थोडाच पाडा, आणि किचवा या तिथल्या आदिवासी समाजातल्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

साकिसिलीत एक बाजार नसून अनेक चौक आहेत: धान्याचा, कपड्यांचा, भांड्यांचा वेगळा, आणि गुरांचा गावाबाहेर. गुरांचा पहाटेच पाहून घ्या. ओतावालोपेक्षा इथे पर्यटक कमी, म्हणून वेळ कमी पडला तर ओतावालो आखडा, साकिसिली नको.

शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नये, नाहीतर ताटात कोंबडी येते. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (कोंबडी नको, मासा नको) हेही सांगायचं आणि सूपचं पाणी कशाचं आहे ते विचारायचं. बटाटा-चीजचं लोक्रो सूप, बटाट्याच्या यापिंगाचो टिक्क्या, भाजलेला मका आणि मोते म्हणजे उकडलेला मका बिनधास्त खा. घरून ठेचा, शेंगदाणे, बिबड्या, कळण्याचं पीठ न्या. शेवेची पाकिटं मात्र वर फुगून टम्म होतात आणि फुटतात, डब्यात भरा. डाळ शिजवायची तर साधा कुकर हवाच, कारण किटोत पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं आणि पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास टणक राहते. आपली 230 व्होल्टची विजेची शेगडी तिथल्या 120 व्होल्टवर चालत नाही.

किलोतोआच्या कड्यावरून तळं दिसलं की सगळे धावत सुटतात. कडा 3,900 मीटरवर, पाणी सुमारे 400 मीटर खाली. उतरायला चाळीस मिनिटं पुरतात, वर यायला दीड तास लागतो. वाट सुट्या भुरभुरीत पमिसची, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडाची आहे, काठी हवी. दम कमी असणाऱ्यांनी वर येण्यासाठी खालीच खेचर ठरवावं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत.

कोतोपाक्सी 5,897 मीटर. गाडी सुमारे 4,600 पर्यंत जाते, तिथून रिफ्यूज, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा, 4,860 ला. अंतर नजरेच्या टप्प्यात दिसतं, पण राखेत पाय मागे सरकतो आणि तास लागतो. दहा पावलं, थांबा, श्वास. किटोहून नव्हे, लाताकुंगाहून सकाळी सहाला निघा. दुपारी ढग चढतात. हिमनदीवर गाईड आणि सामानाशिवाय पाऊल नको. ज्वालामुखी जागृत आहे, 2022 मध्येही त्यातून राख निघाली. ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या इन्स्तितुतो हेओफिसिको या संस्थेचं निवेदन आदल्या दिवशी पाहा. डोकेदुखीबरोबर उलटी आली तर पुढे जायचं नाही. चाल डगमगली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता त्याच क्षणी खाली.

गाईडने हेही सांगावं: आपला खानदेशही लाव्ह्याचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो भेगांतून पसरला, म्हणून इथे शंकू नाहीत. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांच्या भिंती अजून उभ्या आहेत. अँडीजखाली नाझ्का प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा भूपट्टा, घुसते, तिच्यातल्या पाण्याने खडक वितळून चिकट, वायूभरला मॅग्मा होतो आणि तो स्फोटाने बाहेर पडतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना किनारपट्टीवरची बाग पाहायची असतेच. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा देश इक्वाडोरच. पण मर रोगाची टीआर4 बुरशी मातीतून, बुटाला चिकटून येते. ती शेजारच्या कोलंबियात 2019 ला आणि पेरूत 2021 ला सापडली. शेतातले बूट नेऊच नका, नवे न्या, बागेबाहेरच्या जंतुनाशकाच्या हौदातून चाला, आणि ते बूट परतण्याआधी तिथेच टाकून या.