लहान मुलांना पातेल्यातली वाफ नकोच
सर्दीने नाक चोंदलं की आपल्याकडे लगेच पातेलंभर उकळतं पाणी आणि डोक्यावरून टॉवेल. मोठ्यांना त्याने घटकाभर मोकळं वाटतं, सर्दीचा विषाणू काही मरत नाही. लहान मुलांना मात्र हे करूच नका. टॉवेलखाली जीव घाबरला की मूल हात झटकतं, पातेलं कलंडतं आणि पाणी थेट पोटा-मांड्यांवर येतं. एवढं भाजायचं कशापायी, तर बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाणाऱ्या सर्दीपायी!

त्यापेक्षा दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात सलाइनचे, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. औषधाच्या दुकानात मिळतात. शेंबूड सैल झाला की मऊ कापडाने टिपून घ्या. खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, घुटीतूनसुद्धा नको. त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.