दमदार सुरुवात, डळमळीत बुलपेन : चाहत्याने हंगाम कसा वाचावा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या २०२३ च्या हंगामात टेक्सास रेंजर्सने पहिल्या ६० सामन्यांपैकी ४० जिंकले. उरलेल्या १०२ सामन्यांत मात्र त्यांच्या वाट्याला ५० विजय आणि ५२ पराभव आले. त्या वर्षी त्यांच्या बुलपेनने, म्हणजे सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) बाहेर गेल्यावर येणाऱ्या राखीव पिचरच्या ताफ्याने, ३० सेव्ह केले आणि ३३ गमावले, म्हणजे राखलेल्या आघाड्यांपेक्षा घालवलेल्या आघाड्या अधिक भरल्या. विजयांची संख्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजइतकीच, ९०, असूनही आपसातल्या सामन्यांच्या निकषावर विभागाचे विजेतेपद ह्यूस्टनकडे गेले. एवढे सगळे होऊन १ नोव्हेंबरला फिनिक्समध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली ती रेंजर्सनेच. आपला संघ मे महिन्यात अव्वल असावा आणि रोज शेवटच्या, म्हणजे नवव्या, इनिंगला आपला जीव टांगणीला लागावा, अशा अवस्थेतल्या चाहत्याने काय पाहावे, काय मोजावे आणि कशाकडे काणाडोळा करावा, हे सांगताना हा हंगाम मला वारंवार उपयोगी पडतो.

प्रथम सुरुवातीचे वजन ठरवावे. समजा, आपल्या संघाने ४० पैकी २४ सामने जिंकले आहेत. याच गतीने १६२ सामन्यांत ९७ विजय होतील, असा हिशेब कोणीही तोंडी करतो, आणि तिथेच फसतो. ज्याची खरी कुवत निम्मे सामने जिंकण्याचीच आहे असा संघही ४० सामन्यांत केवळ योगायोगाने २४ किंवा त्याहून अधिक विजय मिळवण्याची शक्यता साडेसातात एक इतकी असते. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. म्हणजे सगळेच अगदी मध्यम कुवतीचे असते, तरीही त्यांतले चार संघ मे महिन्यात दिमाखात मिरवताना दिसले असते. म्हणून एक सोपी युक्ती करावी : संघाच्या खात्यात ३५ विजय आणि ३५ पराभव कल्पनेने जमा करावेत आणि मग सरासरी काढावी. २४-१६ चे ५९-५१ होतात, उरलेल्या १२२ सामन्यांना ते प्रमाण लावले की सुमारे ६५ विजय येतात आणि एकूण बेरीज ८९ च्या आसपास थांबते. सत्तर सामन्यांचा हा आकडा काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण आनंदावर एवढी कसर लावलेली बरी.

प्रतिस्पर्धी कोण होते हेही तपासावे. त्याच २०२३ मध्ये टॅम्पा बे रेजने पहिले तेराच्या तेरा सामने जिंकून १९८२ च्या अटलांटा ब्रेव्हज आणि १९८७ च्या मिलवॉकी ब्रुअर्स यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ते तेरा सामने डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलंड आणि बॉस्टन यांच्याविरुद्ध होते, आणि हे चारही संघ हंगामाच्या शेवटी पराभवांच्या बाजूला झुकलेले होते. ओकलंडने तर ११२ सामने गमावले. रेज चांगलाच संघ होता, त्याने ९९ सामने जिंकले, पण विभागात दुसरा आला आणि बाद फेऱ्यांतल्या पहिल्या, वाइल्ड कार्ड फेरीत रेंजर्सकडून सरळ दोन सामन्यांत हरला. १९८७ च्या ब्रुअर्सची कथा याहून बोलकी आहे : एप्रिलमधल्या तेरा विजयांनंतर मे महिन्यात त्यांनी सलग बारा सामने गमावले.

विजय-पराभवांच्या रकान्यापेक्षा धावांचा रकाना अधिक खरे बोलतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले सूत्र कागदावर दोन मिनिटांत सोडवता येते : काढलेल्या धावांच्या वर्गाला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. रेंजर्सने त्या वर्षी ८८१ धावा काढल्या आणि ७१६ दिल्या. सूत्राप्रमाणे त्यांना ९७-९८ विजय मिळायला हवे होते, मिळाले ९०. मधले सात-आठ विजय कुठे गळाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी बुलपेनकडे जाते, कारण मोठ्या फरकाचे सामने कोणीही जिंकून देतो. एका-दोन धावांचे सामने शेवटचे तीन पिचर जिंकतात किंवा हरतात. आपल्या संघाचा प्रत्यक्ष आकडा सूत्रापेक्षा वर असेल, तर बुलपेन आतापर्यंत नशिबाने तरून गेले असण्याची शंका घ्यावी. तो खाली असेल, तर संघ दिसतो त्यापेक्षा चांगला आहे आणि दुरुस्तीला वाव आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना शेवटच्या षटकांची तुलना चटकन सुचते आणि ती काही अंशी बरोबरही आहे, पण एक फरक ध्यानात ठेवावा. क्रिकेटचा कर्णधार महागड्या गोलंदाजाला बाजूला ठेवून चार षटकांनी परत आणू शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय २०२० पासून नवा पिचर आला की त्याने किमान तीन बॅटरना तोंड द्यावे किंवा ती अर्धी इनिंग संपवावी, असा नियम आहे. म्हणून मॅनेजरचा सातव्या इनिंगमधला निर्णय हा नवव्या इनिंगचाही निर्णय असतो, आणि ‘याला का आणले?’ हा प्रश्न ‘मग पुढे कोण उरले असते?’ या प्रश्नाशिवाय अपुरा राहतो.

ब्लोन सेव्हचा, म्हणजे घालवलेल्या आघाड्यांचा, आकडा ऐकून हबकून जाऊ नये. सेव्ह ही नोंद १९६९ पासून अधिकृत झाली. ती सामना संपवणाऱ्या पिचरला ठरावीक अटींवर मिळते. तीन धावांपर्यंतच्या आघाडीवर येऊन किमान एक इनिंग टाकणे, ही त्यांतली नेहमीची अट. ब्लोन सेव्ह मात्र सहाव्या किंवा सातव्या इनिंगला आघाडी घालवणाऱ्याच्याही नावावर लागते, जरी त्याला सामना संपवायला कोणी पाठवलेच नव्हते. त्यामुळे ३० सेव्ह आणि ३३ ब्लोन सेव्ह याचा अर्थ क्लोझरने, म्हणजे सामना संपवायला नेमलेल्या पिचरने, निम्म्याहून अधिक सामने घालवले असा होत नाही. दुसरे असे की, आघाडी घालवण्यासाठी आधी ती असावी लागते. वारंवार आघाडी घेणाऱ्या संघाला ती गमावण्याची संधीही वारंवार मिळते. तळातल्या संघाचे बुलपेन तितकेच वाईट असते, फक्त त्याच्या चाहत्यांची झोप उडत नाही. आठ इनिंगनंतर आघाडीवर असलेले संघ सुमारे ९५ टक्के सामने जिंकतात आणि हे प्रमाण विशेषज्ञ क्लोझर येण्याआधीच्या काळातही साधारण असेच होते. वीस आघाड्यांपैकी एक जाणारच. आपल्या संघाच्या वीसपैकी तीन गेल्या, तर बोलायला जागा आहे.

एकेका रिलीव्हरची, म्हणजे बुलपेनमधल्या पिचरची, पारख करताना दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, म्हणजे ईआरए, शेवटी पाहावी. रिलीव्हर चाळीस सामन्यांत जेमतेम सोळा-सतरा इनिंग टाकतो. सोळा इनिंगमध्ये चार धावा देणाऱ्याचा ईआरए २.२५ असतो, मग एका थंड रात्री तो एकच बॅटर बाद करून चार धावा देतो आणि तोच आकडा ४.४१ वर जातो. माणूस तोच, हात तोच, बदलली ती एक रात्र. शिवाय ईआरए आणखी एक गोष्ट दडवतो. एखादा पिचर बेसवर दोन धावक ठेवून बाहेर पडला आणि पुढच्याने त्या दोघांना घरी येऊ दिले, म्हणजे धाव पूर्ण करू दिली, तर त्या धावा पहिल्याच्या नावावर चढतात आणि दुसऱ्याचा कागद कोरा राहतो. म्हणून बॉक्स स्कोअरमध्ये ‘वारशाने आलेले धावक’ आणि त्यांपैकी किती घरी पोचले, हे आकडे शोधून वाचावेत. लीगमध्ये साधारण तिसरा हिस्सा धावक घरी पोचतात. एखाद्या रिलीव्हरकडे निम्मे पोचत असतील, तर त्याचा सुंदर ईआरए म्हणजे बडा घर पोकळ वासा.

त्याऐवजी सामोऱ्या आलेल्या बॅटरपैकी किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाले आणि कितींना वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, मिळाला, हे पाहावे. हंगामाच्या आरंभी सर्वांत लवकर भरवशाचे होणारे प्रमाण स्ट्राइकआउटचे आहे. शंभर बॅटरमागे तीस स्ट्राइकआउट घेणारा पिचर दोन होमरन खाऊन बदनाम झाला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा. पंधरा स्ट्राइकआउट आणि तेरा वॉक देऊन ज्याचा ईआरए दोनच्या खाली आहे, त्याच्यापासून सावध राहावे. फास्टबॉलचा वेगही तपासावा, तो बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. मात्र तुलना मागच्या वर्षीच्या एप्रिलशी करावी, मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी नव्हे. थंडीत वेग कमीच असतो. त्याच महिन्याच्या तुलनेत ताशी दोन मैलांची घट दिसली, तर ती मनाला लावून घेण्यासारखी बाब आहे.

माझा आग्रह एका साध्या वहीचा आहे. प्रत्येक सामन्यानंतर रिलीव्हरचे नाव, आला तेव्हाची इनिंग आणि धावफलक, बेसवर किती जण होते, किती चेंडू टाकले आणि मागच्या तीन दिवसांत तो कितव्यांदा आला, एवढेच लिहावे. भारतातून पाहणाऱ्याला टेक्सासचा संध्याकाळी ७.०५ चा सामना दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३५ ला दिसतो आणि नववी इनिंग नेमकी डबा भरण्याच्या वेळी येते, त्यामुळे नोंद थोडक्यात ठेवणे भागच आहे. तीन आठवड्यांत वहीतून अशा गोष्टी वर येतात ज्या स्मरणातून येत नाहीत, कारण स्मरणात फक्त घालवलेले सामने उरतात. कोणता रिलीव्हर सलग दुसऱ्या दिवशी ढेपाळतो, सहा धावांच्या आघाडीवर कोणाला उगाच वापरून टाकले, सर्वोत्तम पिचर खरोखर अटीतटीच्या क्षणी येतो की केवळ नवव्या इनिंगची वाट पाहत बसतो, हे तिथे स्पष्ट दिसते. आणखी एक शिस्त पाळावी : मॅनेजरच्या निर्णयाविषयीचे आपले मत पहिला चेंडू पडण्यापूर्वी लिहावे. होमरन गेल्यावर सगळेच शहाणे होतात. आपलीच जुनी मते महिन्याने वाचली की मॅनेजरविषयीचा राग बराच निवळतो, निदान माझा तरी निवळला.

वहीतून बहुधा असेही दिसेल की दोष बुलपेनच्या आधीच सुरू झाला होता. सुरुवातीचा पिचर पाचव्या इनिंगनंतर दमून परतत असेल, तर रोज बारा बळी रिलीव्हरना मिळवावे लागतात आणि संघात तेराच पिचर ठेवण्याच्या मर्यादेत ताजा हात उरत नाही. रेंजर्सवर ही वेळ जून २०२३ मध्येच आली, जेव्हा जेकब डीग्रॉमच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागणार हे उघड झाले. म्हणूनच जुलैअखेर त्यांनी मॅक्स शर्झर आणि जॉर्डन माँटगोमेरी हे सुरुवातीचे पिचर आणले. तोही बुलपेनवरचाच उपचार होता.

दुरुस्तीची मागणी करताना किंमत विचारात घ्यावी. मे महिन्यात कोणताही संघ चांगला रिलीव्हर स्वस्तात सोडत नाही. अदलाबदलीची मुदत जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी संपते आणि विकणारे संघ तोपर्यंत भाव वाढू देतात. रेंजर्सने ३० जूनलाच कॅन्सस सिटीकडून अरॉल्डिस चॅपमनला घेतले आणि बदल्यात इतर एका खेळाडूसह कोल रेगन्स हा डावखुरा पिचर दिला. चॅपमन त्या शरद ऋतूत उपयोगी पडला. रेगन्स पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला. हा सौदा मी केला असता का, याचे उत्तर चाहत्याने स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे आणि मगच ‘कोणालातरी आणा’ असा धोशा लावावा. त्याआधीचे फुकटचे उपाय, म्हणजे ट्रिपल-ए या लगतच्या खालच्या स्तरातून नवा हात बोलावणे, भूमिका बदलणे, किंवा सुरुवात करणाऱ्या पाचव्या पिचरला बुलपेनमध्ये पाठवणे, संघाने करून पाहिले की नाही, हे आधी बघावे.

अर्थात बुलपेन कधीकधी खरोखरच नासलेले असते. २०२० च्या फिलाडेल्फिया फिलीजच्या रिलीव्हरचा ईआरए ७.०६ होता आणि ६० सामन्यांच्या त्या आखूड हंगामात संघ २८-३२ वर संपला. तिथे संयमाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरली असती. उलट १९८४ च्या डेट्रॉइट टायगर्सने ३५-५ अशी सुरुवात केली आणि ती टिकवलीही, कारण शेवटी विली हर्नांडेझ होता : ३३ पैकी ३२ सेव्ह, आणि तेही १४० इनिंग टाकून. आजच्या कोणत्याही क्लोझरकडून एवढ्या इनिंगची अपेक्षा करू नये. साठ-सत्तर झाल्या तरी पुष्कळ.

राहता राहिला बाद फेऱ्यांचा ऑक्टोबर. तिथे मधल्या विश्रांतीच्या दिवसांमुळे आठ रिलीव्हरची गरज उरत नाही, तीन पुरतात. २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सची सुरुवात १९-३१ अशी आणि बुलपेन हंगामभर चेष्टेचा विषय, तरी त्यांनी सुरुवातीच्या पिचरना मधल्या इनिंगमध्ये आणून वर्ल्ड सिरीज जिंकली. सातव्या सामन्यात पॅट्रिक कॉर्बिनने तीन इनिंग सांभाळल्या. म्हणून सप्टेंबर आला की वहीतली आठ नावे बाजूला ठेवून त्यांतली तीन निवडावीत, आणि ती निवडताना ईआरएचा रकाना हाताने झाकावा. रेंजर्सचा रिलीव्हर जॉश स्बोर्झ याचा २०२३ च्या नियमित हंगामातला ईआरए ५.५० होता, मात्र इनिंगमागे एकाहून अधिक बॅटर तो स्ट्राइकआउट करत होता. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात मॅनेजर ब्रूस बोची यांनी त्याला सातव्या इनिंगमध्ये १-० अशा आघाडीवर आणले आणि पुन्हा बाहेर काढलेच नाही. शेवटचा बॅटर केटेल मार्टे बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक पाहत उभा राहिला.