दमा, पित्त आणि नाक : या चुका टाळा

रात्री दोन-अडीचला आई उठून बसायची. आधी घसा खाकरणं, मग कोरडा खोकला, मग छातीत घरघर. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून सगळा दोष आम्ही ओलीला दिला. दम्याच्या पंपाचा (इनहेलरचा) डोस दोनदा वाढला. खोकला रोज त्याच सुमाराला का येतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. आई साडेनऊला जेवून दहाला आडवी व्हायची, तोंडात आंबट पाणी येतं म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो, पित्त आहे, होईल बरं.

पित्त आणि दमा वेगवेगळे धरणं, हीच आमची मोठी चूक. आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं. त्याचा थेंबभर अंश श्वासनलिकेत उतरला तरी तिथलं अस्तर सुजतं. आत उतरलं नाही तरी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्ल लागल्यावर व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत श्वासनळ्या आवळल्या जाऊ शकतात. उलटंही होतं. दम लागल्यावर छातीतला दाब बदलतो आणि आम्ल वर खेचलं जातं. थिओफिलिनसारख्या दम्याच्या काही गोळ्या जठराच्या तोंडाची झडप सैल करतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

उपाय म्हणून आम्ही तीन उशा रचल्या. तीही चूकच. उशांनी मान वाकते, पोट दुमडतं आणि त्यावरचा दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलायची, म्हणजे सगळं अंग सरळ उतारावर येतं. डाव्या कुशीवर झोपणं चांगलं. जेवण आणि झोप यांत निदान तीन तास हवेत. आई आता सातला जेवते. पाहुणे आले तरी ती आधी जेवून घेते, आणि आम्ही तिला आग्रह करत नाही.

मात्र दमा आहे म्हणून मनानेच पित्ताच्या गोळ्या सुरू करू नका. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पित्ताचा त्रास फारसा जाणवत नसलेल्या दमेकऱ्यांना 24 आठवडे एसोमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं, तरी त्यांचा दमा सुधारला नाही. जळजळ, आंबट ढेकर, आडवं होताच येणारा खोकला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आता नाक. ते हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं. चोंदलं की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि कोरडी, धुळीची हवा थेट खाली जाते. नाकाचं आणि श्वासनळ्यांचं अस्तर बरंचसं सारखं आहे, म्हणून ॲलर्जीची सूज अनेकदा दोन्हीकडे असते. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं काँग्रेस गवत आजही मोकळ्या प्लॉटवर माजतं. त्याच्या परागांनी शिंका सुरू झाल्या की ‘साधी सर्दी’ म्हणून सोडू नका.

नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. तो रोज मारायचा, आणि पुरता गुण यायला दोन आठवडेही लागतात. आई दोन दिवसांत सोडून द्यायची. शिवाय ती तो मधल्या पडद्यावरच मारायची, त्यामुळे रक्त यायचं. मान जराशी खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, आणि जोरात हुंगायचं नाही. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

नाकात मांस वाढलंय असं निदान झालेल्या दमेकऱ्यांनी अंगदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नये. काहींना त्याने तासा-दोन तासांत जबरदस्त अटॅक येतो.

आणि पोट, नाक सुधारलं म्हणून रोजचा पंप बंद करू नका. ‘सवय लागते’ या भीतीने आईनेही तो एकदा सोडला होता. आठवड्यात धाप परतली. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ठोकळे, स्प्रे, जेवणाच्या वेळा यांचा विचार करत बसू नका. धाप लागल्यावर लगेच आराम देणारा पंप घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा.