गप्पी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलवताय? या चुका टाळा

‘गप्पी काय, गटारातपण जगतो!’ हे वाक्य लातुरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. हेच म्हणणाऱ्यांचा दर उन्हाळ्यात फोन येतो, ‘काल टाकले, आज तीन पालथे पडलेत.’ गटारातला गप्पी त्याच पाण्यात जन्मलेला असतो. त्याला कुणी दहा सेकंदांत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात लोटलेलं नसतं.

सगळ्यात जास्त मासे मारणारी चूक म्हणजे पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवायची आणि मग मासे ओतून मोकळं व्हायचं. तरंगवून तापमान तेवढं जुळतं, पाणी जुळत नाही. आपल्याकडं एका घरी मांजरा धरणाचं नळाचं पाणी, शेजारी तीनशे फूट खोल बोअरचं, आणि मे महिन्यात दोघांकडंही टँकरचं. प्रत्येकातले क्षार वेगळे.

माझ्या भाच्यानं मे महिन्यात दुकानातून बारा गप्पी आणले. पिशवी तरंगवली, मासे ओतले. संध्याकाळी सगळे मजेत फिरत होते, म्हणून पोरगं खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर चार नर पर अंगाला चिकटवून एकाच जागी थरथरत होते, थंडी वाजल्यासारखे. तिसऱ्या सकाळी दोन माद्या उरल्या. नशिबानं पिशवीतलं थोडं पाणी बादलीत तसंच राहिलं होतं. त्यात टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन बुडवला, १८० आला. टाकीतल्या बोअरच्या पाण्याचा १,२४०. गप्पीला जड पाणी मानवतं, त्याबद्दल तक्रारच नाही. पण इतकी उडी एका क्षणात मारायला लावली की अंगातल्या पाण्याचा आणि क्षारांचा मेळ बिघडतो, आणि त्याचा परिणाम लगेच न दिसता दिवसा-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून माणूस दोष खाण्याला देतो, नाहीतर दुकानदाराला.

मी सलाइनचा सेट वापरतो. मेडिकलमधून नवा आणायचा. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत, बादली टाकीच्या खाली, नळीचं एक टोक टाकीत आणि चाकी फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब. बादलीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत मी उठत नाही. कधी तास लागतो, कधी दोन. शेतात ठिबक लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घाई असते ती पहिल्यांदा टाकी आणलेल्यांना. ज्याला तासभर थांबवत नाही त्यानं मासे आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बादलीतलं पाणी मात्र टाकीत ओतायचं नाही. मासे जाळीनं ओढण्यापेक्षा पेल्यात घेऊन सोडावेत, नरांच्या शेपट्या फाटत नाहीत.

यात एक अपवाद. पिशवी आठ-दहा तास बंद राहिली असेल तर तिच्यात अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अशा वेळी त्या पाण्यात ठिबक लावत बसू नका. पिशवीतल्या पाण्याशी टीडीएस आणि तापमान जुळवलेलं स्वच्छ पाणी आधीच तयार ठेवा, मासे त्यात घ्या आणि मग पुढचं सावकाश करा.

दुसरी चूक नव्या टाकीची. काच चकचकीत, पाणी आरशासारखं, आणि जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतलेला. त्या तपकिरी चिकट थरातच अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकलेल्या पाण्यानं धुतला की ते गेले, आणि शून्यापासून पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे जातात. माझी सवय अशी की नव्या टाकीचा स्पंज आधी महिनाभर जुन्या टाकीत चालवायचा. धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस.

टँकरचं किंवा नळाचं पाणी त्याच दिवशी वापरू नका. चोवीस तास उघडं ठेवा, हवेचा पंप लावा, घाई असेल तर क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन. दुपारी बेचाळीस अंशांत मासे हलवू नका. पाणी गार करायला बर्फ तर मुळीच टाकू नका. हलवण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद. सोडल्यावर दिवा बंद आणि टाकीवर झाकण, कारण घाबरलेला गप्पी उडी मारतो.

पोट चौकोनी झालेली आणि शेपटीजवळचा डाग काळाभोर झालेली मादी दिसली तर तिला राहू द्या. ती आज-उद्या विते. धक्क्यानं अपुरी पिल्लं पडतात. व्याल्यावर आठवडाभरानं हलवा. पिल्लं जास्त झाली तर ओळखीच्यांना द्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, डासांच्या अळ्यांसाठी त्यांना गप्पी लागतात. मांजरा नदीत किंवा तळ्यात आपल्या मनानं सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांच्या पिल्लांना ते खातात.