कॉलेजच्या अल्जेब्राची तयारी करताय? या चुका आधीच टाळा

कॉलेजचा अल्जेब्रा सुरू झाला की पहिल्या महिन्यातच मुलं म्हणायला लागतात, सर नवीन काहीच डोक्यात जात नाहीये. मग वही उघडून बघावं तर नवीन भाग बऱ्यापैकी जमलेला असतो आणि गाडी अडकलेली असते कुठे, तर मायनसच्या कंसात नाहीतर अपूर्णांकात, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीच्या गोष्टीत. म्हणून हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात पुढचे चॅप्टर पळवत नेण्यापेक्षा या जुन्या चुका खणून काढा असं मी कळकळीने सांगतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे काटाकाटी. (क्ष + ३)/३ दिसलं की वरचा ३ आणि खालचा ३ कट, उत्तर क्ष. आता क्ष = ६ टाकून बघा, ९/३ म्हणजे ३ येतात, ६ नाही. गुणाकारात असलेलं कट होतं, बेरजेत असलेलं होत नाही. (३क्ष + ३)/३ मध्ये मात्र आधी ३ कॉमन काढला की क्ष + १ येतं आणि ते बरोबर आहे. पद (बेरीज-वजाबाकीने जोडलेलं) कशाला म्हणायचं आणि अवयव (गुणाकाराने जोडलेला) कशाला, हा फरक मुलांच्या तोंडून वदवून घ्या, नुसतं "चुकलं, परत कर" म्हणून काही होत नाही.

याचीच सख्खी बहीण म्हणजे (अ + ब)² = अ² + ब². गंमत अशी की सूत्र विचारलं तर २अब सकट घडाघडा म्हणतात, पण वर्गमूळ आलं की √(९ + १६) चे ३ + ४ म्हणजे ७ करून मोकळे, खरं तर √२५ म्हणजे ५. ३(अ + ब) मध्ये ३ आत वाटला जातो ना, ती सवय लागलेली असते, मग वर्ग, वर्गमूळ, पुढे कॉलेजात लॉग आणि साइन, सगळंच आत वाटत सुटतात. उपाय एकच, शंका आली की छोटे आकडे टाकून बघायचं, पण ० आणि १ टाकू नका कारण त्यांनी चुकीचा नियमसुद्धा कधीकधी बरोबर दिसतो.

बरोबरचं चिन्ह. यावर मी जरा जास्तच बोलतो, पण ते तसं महत्त्वाचंच आहे. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह छापलं तेव्हा दोन समांतर रेषा घेतल्या, कारण त्यांच्याहून जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. आपली मुलं मात्र ते "उत्तर काढा" असं वाचतात आणि ५ + ३ = ८ × २ = १६ असं लिहून जातात, म्हणजे ५ + ३ बरोबर १६ झालं की! त्यात "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे पाठ असतं, मग ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ असंही होतं. काही आठवडे "पलीकडे नेलं" हा शब्दच बंद करा, प्रत्येक ओळीशेजारी "दोन्ही बाजूंना ३ ने भागलं" असं लिहायला लावा.

दोन्ही बाजूंना काय करतोय ते लिहिलं की पुढची चूकही पकडता येते. क्ष² = ५क्ष मध्ये क्ष ने भागलं तर ५ मिळतो पण ० हे उत्तर हरवतं, कारण क्ष शून्य असू शकतो हे कोणी बघितलंच नाही. याच्या उलट √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की ३ आणि −२ येतात, पण −२ टाकून बघितलं तर डावीकडे २ आणि उजवीकडे −२, म्हणजे हे उत्तर वर्ग करताना घुसलेलं. शेवटी मूळ समीकरणात उत्तर टाकून बघायचं हे ऐच्छिक ठेवू नका.

मायनसचं थोडक्यात: −३² म्हणजे −९ आणि (−३)² म्हणजे ९. ५ − (क्ष − २) म्हणजे ७ − क्ष. आणि −२क्ष < ६ ला −२ ने भागलं की चिन्ह उलटतं, क्ष > −३.

एफ(क्ष) = क्ष² असेल तर एफ(क्ष + २) बरीच मुलं क्ष² + २ लिहितात. क्ष च्या जागी रिकामा चौकोन काढायला सांगा, चौकोनात क्ष + २ अख्खं कंसासकट भरलं की क्ष² + ४क्ष + ४ आपोआप येतं.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती, चुकीला "सिली मिस्टेक" म्हणून सोडून देऊ नका. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की तो चुकीचा नियमच डोक्यात बसलेला असतो. वहीत उत्तराला फुली मारण्याऐवजी पहिली चुकलेली ओळ शोधून तिथे खूण करा.

आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून १/३ + १/४ सोडवून घ्या, मग लगेच १/क्ष + १/(क्ष + १). पहिलं अडलं तर आधी अपूर्णांकांवर दोन आठवडे द्या, वर्गसमीकरणं तोपर्यंत थांबली तरी चालतील. पहिलं येतंय पण दुसरं अडतंय, तर दोन्ही गणितं शेजारी-शेजारी लिहून ओळीला ओळ जुळवून दाखवा.